सुंदरीचा शोक : अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील एक चित्र

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात, सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर, एका राजस्त्रीचे चित्र आहे. ती मंचकावर आहे. बसली आहे म्हणावे तर अंगात बसण्याचे त्राण उरलेले नाही आणि निजली आहे म्हणावे तर पाठ अजून टेकलेली नाही. डावा हात उशीवर विसावला आहे, मान कलली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत आणि मागून एका दासीने तिला सावरून धरले आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासकांनी या चित्राला ‘मरणासन्न राजकुमारी’ असे नाव दिले. पुढे चित्रातील कथा ओळखली गेली. ही स्त्री म्हणजे गौतम बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते.

पहुडलेली किंवा रेललेली मानवी आकृती हा जगभरच्या चित्रकारांचा आवडता विषय आहे. बहुतेक चित्रांत ही आकृती विसावा, झोप किंवा देहाचे सौंदर्य दाखवते. अजिंठ्याच्या चित्रकाराने त्याच देहस्थितीतून एका स्त्रीचे कोसळलेले मन दाखवले. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, खोदलेल्या डोंगराच्या अंधारात, माती-भुशाच्या गिलाव्यावर काढलेले हे चित्र भारतीय कलेतील फार मोठी कामगिरी आहे.

लेणे आणि त्याचा दाता

वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर अजिंठ्याची 30 लेणी खोदलेली आहेत. त्यांतली नववे आणि दहावे यांसारखी काही लेणी इसवी सनापूर्वीची आहेत. बाकीची बहुसंख्य लेणी पाचव्या शतकातली. सोळावे लेणे या दुसऱ्या टप्प्यातले असून ओळीच्या जवळजवळ मध्यावर येते. नदीकडून वर येणाऱ्या पायऱ्यांच्या दारात दगडी हत्ती आहेत आणि वाटेत नागराजाची बसलेली मूर्ती आहे. आत वीस खांबांचा प्रशस्त सभामंडप, भोवती भिक्खूंच्या खोल्या आणि मागे गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती, अशी या विहाराची रचना आहे.

हा विहार वराहदेवाने दान दिला. वाकाटक राजा हरिषेण याचा तो मंत्री. व्हरांड्याच्या बाहेर डाव्या बाजूच्या भिंतीवर त्याचा संस्कृत शिलालेख आहे. या लेखाचा पहिला अभ्यास एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी केला आणि विसाव्या शतकात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे सविस्तर संपादन केले. वाकाटक राजांची वंशावळ त्यात आहे, शिवाय लेण्यातील खिडक्या, दारे, वीथी आणि अप्सरांच्या मूर्तींचे वर्णनही आहे. हरिषेणाचा काळ कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी इसवी सन 460 ते 477 असा मांडला. वर्षांबद्दल मतभेद असले, तरी हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे बहुतेकांना मान्य आहे. जंजाळ्याजवळचे घटोत्कच लेणेही याच वराहदेवाचे दान आहे.

भिंतींवर बुद्धचरित्रातील प्रसंग आणि जातककथा रंगवल्या होत्या. मायादेवीचे स्वप्न, असित ऋषींची भेट, सुजातेची खीर, हस्ती जातक, महाउम्मग्ग जातक असे कितीतरी विषय येथे आहेत. नंदाच्या प्रव्रज्येची, म्हणजे घर सोडून भिक्खू होण्याची, कथा त्यांपैकीच एक आणि सुंदरीचे चित्र त्या कथेचा एक भाग.

नंद आणि सुंदरी

नंद हा शुद्धोदन आणि महाप्रजापती गौतमी यांचा मुलगा. त्याची कथा पाली आणि संस्कृत अशा दोन्ही बौद्ध साहित्यांत येते. तिला काव्यरूप दिले ते अश्वघोषाने, ‘सौंदरनंद’ या अठरा सर्गांच्या महाकाव्यात. हे काव्य अजिंठ्याच्या चित्रापेक्षा दोन-तीन शतकांनी तरी जुने आहे.

कथा अशी. नंद आणि सुंदरी एकमेकांत पूर्ण रमलेले असतात. सुंदरी शृंगार करत असते, नंद तिच्यासमोर आरसा धरून बसलेला असतो. त्याच वेळी बुद्ध भिक्षेसाठी दारात येतात. वाड्यातले नोकरचाकर आपापल्या कामात गुंतलेले असल्याने कोणाचेच लक्ष जात नाही आणि बुद्ध रिकाम्या पात्राने परत फिरतात. ही गोष्ट कळताच नंद शरमतो आणि त्यांच्या मागे निघतो. तोंडावर रंगवलेली नक्षी, म्हणजे पत्रलेखा, ओली आहे तोवर परत ये, असे सुंदरी बजावते. तो तसा शब्द देतो. वाटेत बुद्ध आपले भिक्षापात्र त्याच्या हाती देतात. पात्र परत करण्याचे धैर्य नंदाला होत नाही. तो विहारापर्यंत जातो आणि तेथे मनाविरुद्धच त्याचे मुंडन होऊन त्याला दीक्षा मिळते. नंदाचे मन पुढेही बराच काळ घराकडे ओढ घेत राहते. बुद्ध त्याला स्वर्गातील अप्सरा दाखवतात. आधी तो त्यांच्यासाठी तप करतो, मग त्या इच्छेचीही लाज वाटून खऱ्या साधनेला लागतो आणि अखेर अर्हत होतो.

कथेचा शेवट बौद्ध परंपरेच्या दृष्टीने मंगल आहे. मात्र घरी राहिलेल्या सुंदरीचे काय, हा प्रश्न अश्वघोषाने टाळला नाही. काव्याचा सहावा सर्ग त्याने तिच्या विलापाला दिला. अजिंठ्याच्या चित्रकारानेही तोच प्रसंग निवडला. विहारात राहणाऱ्या भिक्खूंच्या डोळ्यांसमोर, संसार सोडल्याची किंमत मोजणाऱ्या स्त्रीचे दुःख त्याने इतक्या सहानुभूतीने मांडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चित्रात काय दिसते

प्रसंग राजवाड्यातल्या एका मंडपात घडतो. बारीक खांब आणि वरचे छत यांनी जागा आखून घेतली आहे, त्यामुळे सुंदरी आणि तिच्याभोवतीच्या स्त्रिया एका चौकटीत आल्यासारख्या दिसतात. निरोप आणणारा सेवक नंदाचा मुकुट हातात घेऊन उभा आहे. राजपुत्राचा मुकुट त्याच्याशिवाय घरी येतो, याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रकाराला शब्द वापरता येत नव्हते. बातमी पोहोचवण्याचे काम त्याने या एका वस्तूवर सोपवले.

मुकुट पाहिल्यावर सुंदरीचे जे झाले ते तिच्या देहात दिसते. डोके पुढे आणि बाजूला झुकले आहे. डोळे अर्धवट उघडे असले तरी ते कशाकडेही पाहत नाहीत. उशीवरच्या हातात जोर नाही, बोटे सैल सुटली आहेत. मागची दासी तिला आधार देते आहे. दुसरी एक स्त्री छातीशी हात नेऊन काळजीने तिच्याकडे पाहते आहे. तिसरीच्या हातात पंखा आहे. पांढरी टोपी घातलेला एक वृद्ध दारातून आत डोकावतो आहे. पुढे जमिनीवर आणखी दोन स्त्रिया बसल्या आहेत. बाजूच्या दालनात कलश घेतलेली आकृती आहे. शुद्ध हरपलेल्या माणसासाठी पाणी आणण्याची धावपळ त्यातून सुचते.

या मांडणीत प्रत्येक आकृतीला काम आहे. आधार देणारी, वारा घालणारी, नुसती पाहत राहिलेली, अशा वेगवेगळ्या प्रतिक्रिया सुंदरीभोवती मांडल्यामुळे पाहणाऱ्याची नजर पुन्हा पुन्हा मध्यभागी येते. भोवतालच्या सगळ्या आकृत्यांच्या अंगात ताण आहे, सुंदरीच्या अंगात तो अजिबात नाही. या विरोधामुळे तिचे गळून जाणे अधिक जाणवते. आक्रोश, पसरलेले हात, विस्कटलेले केस यांपैकी कशाचाही आधार चित्रकाराने घेतलेला नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला बरीच वर्षे करणाऱ्या जॉन ग्रिफिथ्स यांनी, इटलीतील थोर चित्रकारांनाही या चित्रात याहून अधिक भाव आणता आला नसता, असे म्हटले होते.

प्राचीन भारतीय चित्रशास्त्राची कसोटीही येथे लावून पाहता येते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्र’ या भागात चांगल्या चित्रकाराची लक्षणे दिली आहेत. झोपलेल्या माणसात चैतन्य आहे आणि मेलेल्या माणसात ते नाही, हा फरक ज्याला रंगवता येतो तोच खरा चित्रज्ञ, असे एक लक्षण त्यात आहे. सुंदरी झोपलेली नाही आणि मेलेलीही नाही. या दोन्हींच्या मधली अवस्था चित्रकाराने पकडली आहे, आणि ती या शास्त्रात सांगितलेल्या कसोटीहूनही अवघड आहे.

भिंत, गिलावा आणि रंग

अजिंठ्याचा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे मराठवाड्यात सर्रास आढळणाऱ्या काळ्या पाषाणाचा आहे. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या भिंतीवर आधी मातीचा गिलावा दिला जाई. त्यात भाताचा भुसा, वनस्पतींचे तंतू आणि बारीक वाळू मिसळलेली असे. तंतूंमुळे गिलावा वाळताना तडकत नसे आणि दगडाला धरून राही. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की त्यावर पांढरा पातळ थर देत आणि चित्र त्यावर काढत. युरोपातील भित्तिचित्रांत ओल्या चुन्यावर रंग लावण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. अजिंठ्यात रंग कोरड्या पृष्ठभागावर, डिंक किंवा सरस यांसारख्या चिकट द्रव्यात कालवून लावले आहेत. त्यामुळे चित्रकाराला सावकाश काम करण्याची मोकळीक मिळाली. मात्र पाणी आणि दमट हवेपुढे हे रंग नाजूक ठरले.

रंग बहुतेक खनिज आहेत. गेरूपासून तांबडा, पिवळ्या मातीपासून पिवळा, हिरव्या मातीपासून हिरवा, काजळीपासून काळा आणि चुनखडी, जिप्सम किंवा पांढऱ्या मातीपासून पांढरा. यांतले बरेचसे पदार्थ आसपासच मिळत. निळ्या रंगासाठी लागणारा लाजवर्द हा दगड मात्र अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई. अजिंठ्याच्या भिंतीवरचा निळा ठिपका म्हणजे त्या काळातील दूरच्या व्यापाराचा पुरावाच आहे.

आधी तांबड्या रेषेने आकृती आखायची, मग रंग भरायचे आणि शेवटी तपकिरी किंवा काळ्या रेषेने आकार पक्का करायचा, असा कामाचा सर्वसाधारण क्रम होता. अजिंठ्याचे खरे बळ या रेषेत आहे. सुंदरीची मान, खांदा आणि दंड यांची वळणे रेषेनेच बांधलेली आहेत. जेथे देहाचा भार पडतो तेथे ती जाड होते, जेथे अंग सैल आहे तेथे बारीक. अंगाची गोलाई दाखवण्यासाठी कडेला रंग गडद करत नेण्याच्या पद्धतीला चित्रसूत्रात ‘वर्तना’ म्हटले आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. लांबट पापण्या, कमानदार भुवया आणि कमळाच्या पाकळीसारखे डोळे हे अजिंठ्याचे ठरलेले संकेत येथेही आहेत. ठरीव साच्याचे डोळे वापरून विशिष्ट क्षणाची व्यथा दाखवणे हे कसलेल्या हाताचे काम आहे.

पहुडलेल्या इतर आकृत्या

अजिंठ्यात रेललेली आकृती आणखी काही ठिकाणी भेटते. दुसऱ्या लेण्यात स्वप्न पाहणारी मायादेवी आहे. सव्विसाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे सुमारे सात मीटर लांबीचे शिल्प आहे. उजव्या कुशीवर निजलेले बुद्ध शांत आहेत, खाली शिष्य शोक करत आहेत आणि वर देवगण दिसतात. मायादेवीची झोप शुभसूचक आहे, बुद्धांची निद्रा अंतिम शांतीची आहे आणि सुंदरीचे रेलणे दुःखाचे आहे. एकाच ठिकाणच्या कलावंतांनी एका देहस्थितीचे तीन वेगळे अर्थ केले.

युरोपात या विषयाची परंपरा वेगळ्या दिशेने गेली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेनिसच्या जॉर्जोनेने निसर्गाच्या कुशीत झोपलेली व्हीनस रंगवली आणि पहुडलेली नग्न स्त्री हा तिकडच्या चित्रकलेचा कायमचा विषय झाला. 1814 मध्ये फ्रान्सच्या अँग्रने ‘ग्रांद ओदालिस्क’ हे मोठे चित्र काढले. जनानखान्यातील स्त्रीचे हे कल्पनाचित्र गुळगुळीत, थंड आणि अलंकृत आहे. याच परंपरेत एका निसर्गचित्रकाराचे छोटे चित्र लक्ष वेधून घेते. झाँ-बातीस्त-कामीय कोरो (1796–1875) हा झाडे, तळी आणि पहाटेचा धूसर प्रकाश यांसाठी ओळखला जाणारा फ्रेंच चित्रकार. 1843 मध्ये, इटलीच्या तिसऱ्या भेटीत, त्याने रोममध्ये मारिएत्ता नावाच्या मॉडेलचे चित्र काढले. कागदावर तैलरंगात काढून नंतर कॅनव्हासवर चिकटवलेले हे चित्र सुमारे 29 बाय 44 सेंटिमीटर एवढेच आहे. आज ते पॅरिसच्या पेटिट पॅले संग्रहालयात आहे.

त्यात दागिने, पडदे, दासी असे काही नाही. पार्श्वभूमी जवळपास रिकामी आहे. निसर्गचित्रात टेकडीचा उतार जसा प्रकाशाने घडवायचा, तसाच कोरोने देहाचा उतार घडवला आहे. कोरोच्या निसर्गचित्रांना त्याच्या हयातीतच मोठी मागणी होती. माणसांची चित्रे मात्र त्याने बहुतांशी स्वतःसाठी काढली आणि त्यांचे मोल नंतरच्या पिढ्यांना कळले.

कोरोचे चित्र एका एकट्या आकृतीचे आहे. प्रकाश आणि आकार हाच त्याचा विषय. सुंदरीचे चित्र नात्यांचे आहे. मंडपातली माणसे, मुकुट आणि घराबाहेर गेलेला नंद यांच्यावाचून तिच्या रेलण्याला अर्थ नाही. कोरोचे चित्र एका दृष्टिक्षेपात पाहता येते. अजिंठ्याचे चित्र भिंतीच्या कडेने चालत, कथा ऐकत पाहायचे असते. दोन्ही चित्रकारांनी माणसाकडे मन लावून पाहिले, हे दोघांतले साम्य.

जालन्याचा शेजार

अजिंठ्याच्या शेजारचा आजचा जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना, भोकरदन आणि अजिंठा हे सगळे औरंगाबाद जिल्ह्यातच होते आणि त्याआधी निजामाच्या राज्यात. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरील लेखांत कोरलेली आहेत. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळातील संपन्न वस्तीचे अवशेष मिळाले. त्यांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा होता. इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी त्याचे जवळचे नाते आहे. अजिंठ्याची लेणी ओसाड रानात उभी राहिली नव्हती. भोवती व्यापारी गावे, कारागीर आणि बौद्ध संघाला दान देणारी माणसे होती, हे भोकरदनच्या मातीतून कळते.

अर्वाचीन इतिहासातही हा शेजार दिसतो. 23 सप्टेंबर 1803 रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांचे जखमी सैनिक नंतर अजिंठा गावात ठेवले होते. लेणी तेथून जवळच होती, तरी त्यांची खबर इंग्रजांना लागली ती 1819 मध्ये. 28 एप्रिल रोजी मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने येथे आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपले नाव कोरले.

नकला, आगी आणि जपणूक

1844 पासून मद्रास सेनेतील रॉबर्ट गिल याने अजिंठा गावच्या बारादरीत राहून चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या या नकलांपैकी बहुतेक 1866 च्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. 1872 ते 1885 या काळात त्यांनी अनेक हंगाम येथे काम केले. पेस्तनजी बोमनजी या पुढे नावाजलेल्या चित्रकाराची जडणघडण याच कामात झाली. या नकलांपैकीही बऱ्याच 1885 मध्ये लंडनमधील दुसऱ्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड 1896–97 मध्ये निघाले आणि सुंदरीचे चित्र जगापुढे आले. 1909 ते 1911 दरम्यान इंग्रज चित्रकार क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार आले. बंगालच्या नव्या कलेवर या मुक्कामाचा खोल ठसा उमटला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1932 मध्ये अजिंठ्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि औंधच्या संग्रहालयात अजिंठ्याच्या नकला जपल्या.

मूळ चित्रांचे या काळात हाल झाले. काही प्रवाशांनी रंगवलेल्या गिलाव्याचे तुकडे काढून नेले. रंग उठावदार दिसावेत म्हणून नकलाकारांनी चित्रांवर वॉर्निश लावले. ते पुढे पिवळे पडले आणि त्याखाली धूळ व काजळी अडकून राहिली. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली 1920 ते 1922 या काळात लोरेंझो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून गिलावा पक्का करून घेतला. याझदानींचा चार भागांचा ग्रंथ 1930 ते 1955 दरम्यान पूर्ण झाला. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि 1983 मध्ये जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश झाला. पावसाळ्यात दगडातून झिरपणारे पाणी, वटवाघळे, कीटक आणि गर्दीमुळे वाढणारी उष्णता व दमटपणा या आजच्या मुख्य अडचणी आहेत. फ्लॅश वापरून छायाचित्रे घेण्यास बंदी आहे ती या रंगांसाठीच.

सुंदरीच्या चित्राचा बराच रंग उडाला आहे आणि जागोजागी गिलावा निघालेला आहे. ग्रिफिथ्स यांच्या प्रतीत जे तपशील स्पष्ट आहेत, त्यांतले काही भिंतीवर आता शोधावे लागतात. म्हणून जाण्यापूर्वी नंदाची कथा वाचलेली आणि जुनी प्रत पाहिलेली असावी. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे, मग डाव्या भिंतीपाशी जाऊन आधी मंडपाचे खांब, मग मुकुट घेतलेला सेवक आणि त्यानंतर मंचकावरची आकृती, या क्रमाने पाहावे. एवढी तयारी असली की फिकट झालेल्या रंगांतूनही कलती मान, मिटत आलेले डोळे आणि सावरणारा हात ओळखता येतो. रेषा टिकून आहे, आणि या चित्राचा सगळा अर्थ त्या रेषेतच आहे.